चांदीच्या जुन्या नाण्याची परीक्षा

ऑस्ट्रेलियाची दोन नाणी समोर ठेवली आहेत असे समजा. दोन्ही एकाच टांकसाळीतली, एकाच सालची, एकाच किमतीची. एक अगदी नवे वाटते, दुसऱ्यावरचा राजाचा चेहरा पुसट झाला आहे. दोन्हींत चांदी जवळजवळ सारखीच आहे. सोनाराकडे वितळवायला नेली तर दोन्हींचे पैसे जवळपास तेवढेच येतील. संग्राहकाकडे मात्र पहिल्या नाण्याला दुसऱ्याच्या अनेक पट किंमत मिळते. असे का, आणि हा फरक ठरवायचा कसा, हे आज पाहू. यासाठी लागणारे शास्त्र तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातलेच आहे : घनता, आर्किमिडीजचे तत्त्व आणि प्रकाशाचे परावर्तन.

नाण्याबद्दलचे दोन प्रश्न पहिल्यापासून वेगळे ठेवले पाहिजेत. ते कशाचे बनले आहे, हा पहिला. बनल्यानंतर त्याचे काय काय झाले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तराजू देतो, दुसऱ्याचे डोळा आणि भिंग. या दोहोंची गल्लत झाली की माणूस फसतो, नाहीतर हातातले चांगले नाणे स्वतःच बिघडवून ठेवतो.

नाण्यांची ओळख

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रकुलाची स्वतःची चांदीची नाणी १९१० साली निघाली. त्या वेळी तिथे पौंड, शिलिंग, पेन्स अशी मोजणी होती. एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगचे १२ पेन्स. चांदीची नेहमीची नाणी चार :

फ्लोरिन, म्हणजे दोन शिलिंग : ११.३१ ग्रॅम, व्यास २८.५ मिलिमीटर
शिलिंग : ५.६५ ग्रॅम, व्यास २३.५ मिलिमीटर
सहा पेन्स : २.८३ ग्रॅम, व्यास १९ मिलिमीटर
तीन पेन्स : १.४१ ग्रॅम, व्यास १६ मिलिमीटर

या आकड्यांकडे नीट पाहा. किंमत निम्मी झाली की वस्तुमानही निम्मे होते. चारही नाणी मिसळून थैलीत भरली, तरी नुसत्या वजनावरून थैलीतली एकूण रक्कम काढता येईल. नाण्याची किंमत त्यातल्या धातूशी बांधलेली होती, त्या काळाची ही खूण आहे.

पहिल्या नाण्यांवर सातव्या एडवर्डचे चित्र होते. १९११ पासून पाचव्या जॉर्जचे मुकुटधारी चित्र आले. ते ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकाराने घडवले होते. काट्याच्या बाजूला कांगारू आणि एमू यांनी धरलेले राजचिन्ह असे. १९३८ पासून सहाव्या जॉर्जच्या नाण्यांवर नवी चित्रे आली. शिलिंगवर मेरिनो मेंढ्याचे डोके आणि तीन पेन्सवर गव्हाच्या तीन ओंब्या दिसू लागल्या. १४ फेब्रुवारी १९६६ रोजी ऑस्ट्रेलियाने दशमान पद्धतीचा डॉलर स्वीकारला आणि ही जुनी मालिका संपली.

सुरुवातीला या नाण्यांत ९२.५ टक्के चांदी व ७.५ टक्के तांबे असे. या मिश्रधातूला 'स्टर्लिंग' चांदी म्हणतात. शुद्ध चांदी मऊ असते. तांब्याचे अणू चांदीच्या अणूंहून लहान. ते मिसळले की अणूंच्या थरांना एकमेकांवरून सहज घसरता येत नाही, धातू कठीण होतो आणि नाणे अधिक दिवस टिकते. दुसऱ्या महायुद्धानंतर चांदी महागली. तेव्हा १९४६ पासून हे प्रमाण उतरवून ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के जस्त आणि ५ टक्के निकेल असे केले गेले. तीन पेन्सच्या नाण्यात हा बदल १९४७ पासून दिसतो.

ठरवलेले वजन आणि व्यास मात्र बदलले नाहीत. म्हणजे १९४५ चे फ्लोरिन ११.३१ ग्रॅम आणि १९४६ चेही ११.३१ ग्रॅमच! नुसत्या वजनाने दोघांतला फरक कळणार नाही. मग कशाने कळेल?

घनतेची परीक्षा

चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, निकेलची ८.९१ आणि जस्ताची ७.१४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. मिश्रण करताना घटकांच्या आकारमानांची बेरीज होते असे धरले, तर १ ग्रॅम स्टर्लिंगचे आकारमान असे निघेल :

०.९२५ ÷ १०.४९ + ०.०७५ ÷ ८.९६ = ०.०९६५ घन सेंमी

यावरून घनता सुमारे १०.३६ येते. ५० टक्क्यांच्या मिश्रधातूसाठी हाच हिशेब केला तर ९.५३ येते. तो तुम्ही स्वतः करून पाहा. दोन उत्तरांत सुमारे आठ टक्क्यांचा फरक आहे आणि तो मोजता येतो.

प्रयोग असा करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचन देणारा इलेक्ट्रॉनिक तराजू घ्या. प्रथम नाणे कोरडेच तोला. मग तराजूवर पाण्याचे लहान चंचुपात्र ठेवून वाचन शून्यावर आणा. बारीक नायलॉनच्या दोऱ्याने नाणे बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे लोंबकळत सोडा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता तराजू जे वाचन दाखवील ते बाजूला सरलेल्या पाण्याचे वस्तुमान होय. पाणी नाण्याला जेवढ्या बलाने वर ढकलते, तेवढ्याच बलाने नाणे पाण्याला खाली ढकलते. तराजू तेच बल दाखवतो. एक ग्रॅम पाणी म्हणजे जवळजवळ एक घन सेंटिमीटर, म्हणून हाच आकडा नाण्याचे आकारमान झाला. प्रयोग झाल्यावर नाणे मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका.

समजा, एक फ्लोरिन हवेत ११.२६ ग्रॅम भरले आणि पाण्यातले वाचन १.०९ आले. घनता झाली ११.२६ ÷ १.०९ = १०.३३. म्हणजे नाणे स्टर्लिंगचे. पण इथे थांबू नका. या उत्तरात चूक किती असू शकेल हा प्रश्न विचारायलाच हवा. पाण्यातल्या वाचनात ०.०१ ची चूक धरली, तर घनता १०.२४ ते १०.४३ यांच्या दरम्यान कुठेही असू शकेल. या पट्ट्यात १०.३६ बसते आणि ९.५३ बसत नाही. तेव्हा निष्कर्ष पक्का आहे. हाच प्रयोग ०.१ ग्रॅमची चूक करणाऱ्या तराजूवर केला, तर घनता ९.४ ते ११.३ यांमध्ये कुठेतरी आहे एवढेच सांगता येईल. दोन्ही मिश्रधातू या पट्ट्यात येतात, म्हणजे प्रयोग करूनही काहीच कळले नाही!

तीन पेन्सचे नाणे तर फारच लहान. स्टर्लिंगचे असल्यास ते ०.१३६ ग्रॅम पाणी सारील, ५० टक्क्यांचे असल्यास ०.१४८. फरक अवघा ०.०१२ ग्रॅमचा. आपल्या तराजूला तो पेलणार नाही. आठ नाणी एकदम बुडवली तर फ्लोरिनइतके वाचन मिळेल खरे, पण मिळणारे उत्तर आठांच्या सरासरीचे असेल. त्यांत एखादे खोटे लपले असले तर ते उघडे पडेलच असे नाही.

आणखी एक काळजी घ्या. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकारमान वाढवतो आणि घनता खोटी कमी दाखवतो. दोन मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सुमारे ०.००४ घन सेंटिमीटर जागा घेतो. असे तीन बुडबुडे राहिले तर वाचन एका शतांशाहून जास्त चुकते.

तुमच्याकडे ऑस्ट्रेलियाचे नाणे नसेल म्हणून प्रयोग अडायला नको. आजीच्या ट्रंकेत ब्रिटिश अमदानीतला एखादा चांदीचा रुपया बहुधा सापडेल. तो ११.६६ ग्रॅमचा असे. पाचव्या जॉर्जच्या रुपयात अकरा भाग चांदी व एक भाग तांबे होते. १९४० साली आपल्याकडेही चांदी ५० टक्क्यांवर आली, आणि तीही ऑस्ट्रेलियाने पुढे वापरल्या त्याच प्रमाणात तांबे, निकेल व जस्त मिसळून. पहिला रुपया सुमारे १.१३ ग्रॅम पाणी सारील, दुसरा सुमारे १.२२ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा आहे. त्याला लोहचुंबक ओढतो, चांदीच्या रुपयाला ओढत नाही.

परीक्षेची मर्यादा

संग्राहकांना १९३२ चे फ्लोरिन फार हवे असते, कारण त्या वर्षी ती अवघी १,८८,००० पाडली गेली. साहजिकच त्याची नक्कल करण्याचा मोहही मोठा. तुमच्या हाती १९३२ साल असलेले फ्लोरिन आले आणि घनता ९.० निघाली, तर ते खोटे हे निश्चित. घनता १०.३६ निघाली तर? ते खरे असेलच असे म्हणता येत नाही. कोणी दुसऱ्या सालच्या अस्सल फ्लोरिनवरचा आकडा कोरून बदललेला असेल. त्याची चांदी खरीच आहे, खोटे आहे ते साल. शिसे व कथील योग्य प्रमाणात मिसळूनही १०.३६ च्या जवळची घनता मिळवता येते. म्हणून या परीक्षेत नापास झालेले नाणे नक्की बाद होते. पास झालेले फक्त पुढच्या परीक्षेला बसायला पात्र ठरते. शास्त्रातल्या पुष्कळ परीक्षा अशाच असतात.

झीज म्हणजे किती?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. नाणे हातोहात, खिशाखिशांतून फिरते आणि घासले जाते. समजा, एक स्टर्लिंग फ्लोरिन १०.९१ ग्रॅम भरले. ०.४० ग्रॅम धातू गेला. घनता मात्र तीच राहिली, कारण चांदी व तांबे दोन्ही बरोबरच झिजले. गेलेल्या धातूचे आकारमान ०.४० ÷ १०.३६, म्हणजे सुमारे ०.०३९ घन सेंमी. फ्लोरिनच्या दोन्ही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १२.८ चौरस सेंमी. झीज सगळीकडे सारखी धरली तर प्रत्येक बाजूचा सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा थर गेला. माणसाच्या केसाची जाडी ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे केसाच्या जाडीहूनही पातळ थर गेला, आणि राजाच्या मुकुटावरचे मोती दिसेनासे झाले!

प्रत्यक्षात झीज सगळीकडे सारखी नसते. चित्राचा जो भाग सर्वांत उंच, तो आधी घासला जातो. प्रत ठरवण्याची सारी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

प्रत कशी ठरवतात?

प्रतींची नावे इंग्रजीच वापरू. खालून वर जाताना मुख्य पायऱ्या अशा : गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड. नावांना भुलू नका. 'गुड' म्हणजे चांगले नव्हे. त्या प्रतीच्या नाण्याची बाह्याकृती आणि साल कसेबसे वाचता येते. 'अनसर्क्युलेटेड' म्हणजे व्यवहारात न फिरलेले, झिजेचा मागमूस नसलेले नाणे.

पाचव्या जॉर्जच्या नाण्यांसाठी संग्राहकांची एक सोपी मोजपट्टी आहे. राजाच्या मुकुटाच्या खालच्या पट्ट्यात मध्यभागी हिऱ्याची चौकट असते आणि मोत्यांची ओळ असते. भिंगातून आठ मोती आणि हिरा स्पष्ट दिसले तर नाणे साधारणपणे एक्स्ट्रीमली फाइन. सहा मोती आणि हिऱ्याचा काही भाग दिसला तर व्हेरी फाइन. मोती जवळजवळ गेले, पण पट्टा अखंड दिसतो, तर फाइन. सहाव्या जॉर्जच्या डोक्यावर मुकुट नाही. तिथे कानावरचे केस पाहतात आणि शिलिंगच्या काट्यावर मेंढ्याच्या शिंगांची वळणे व कपाळावरची लोकर पाहतात. दोन्ही बाजूंची प्रत वेगवेगळी ठरवून लिहायची असते.

आकड्यांची पद्धतही आहे. अमेरिकेत विल्यम शेल्डन याने १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. आज व्यावसायिक परीक्षक सर्व देशांच्या नाण्यांना ती लावतात. पण आकडा दिला म्हणजे मोजमाप झाले असे नव्हे. लांबी फूटपट्टीने मोजता येते, प्रत मात्र माणसाच्या नजरेने ठरते. वर्गात दहा मुलांना एकच नाणे द्या आणि एकमेकांना न विचारता प्रत लिहायला सांगा. उत्तरे किती विखुरतात ते पाहून परीक्षा किती भरवशाची हे कळेल. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करून घ्यावा.

प्रकाशाची साक्ष

कधी कधी तपशील झिजून नव्हे, तर ठसा नीट न उमटल्याने पुसट असतो. मग झीज आणि अपुरा ठसा यांतला फरक ओळखायचा कसा? इथे प्रकाश मदतीला येतो.

दोन पोलादी ठशांच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो. त्यामुळे पृष्ठभागावर केंद्रातून निघणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा तयार होतात. एकाच दिव्याखाली नवे नाणे धरून हळूहळू कलते केले, तर प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. या झळाळीचा थर फार पातळ असतो आणि घर्षणाने पहिल्यांदा तोच जातो. मोती दिसत नाहीत, पण तिथे झळाळी फिरते, याचा अर्थ ठसाच अपुरा होता. मोती दिसत नाहीत आणि तिथला उंचवटा मंद, करडा आहे, याचा अर्थ नाणे झिजले.

घासू नका!

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. तो प्रकाशाच्या तरंगलांबीशी तुलना होण्याइतका पातळ असेल, तर पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाप्रमाणे प्रकाशाचे व्यतिकरण होते आणि नाण्यावर पिवळे, जांभळे, निळे रंग दिसतात.

आपल्या घरात काळी चांदी दिसली की चिंच, रांगोळी किंवा दंतमंजन बाहेर येते. समईला ते चालेल, नाण्याला चालणार नाही. काळ्या थरात नाण्याचीच चांदी असते. थर काढला की ती चांदीही जाते. भुकटीने घासले की पृष्ठभागावर हजारो ओरखडे उमटतात आणि झळाळीच्या मूळ रेषा पुसल्या जातात. नाणे चकचकीत दिसते, पण फिरणारे पट्टे पुन्हा येत नाहीत. जाणकाराला ते एका नजरेत कळते आणि किंमत कोसळते. कोणत्याही उपायाने झीज भरून येत नाही आणि घासलेले नाणे पूर्ववत होत नाही. काळे पडलेले नाणे तसेच ठेवले तर निर्णय उद्यावर राहतो. घासले तर तो कायमचा होऊन जातो.

नाणे नेहमी कडेने धरा, खाली मऊ कापड अंथरा. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या वापरू नका, त्यांतून निघणाऱ्या द्रव्यांमुळे नाण्यावर हिरवट चिकटा येतो. रबरबँडमध्ये गंधक असते, तेही दूर ठेवा. कोकणासारख्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी.

संग्रहाची सुरुवात

सुरुवात दुर्मीळ नाण्याने करू नका. १९४६ नंतरची साधी शिलिंग किंवा सहा पेन्सची नाणी घ्या आणि प्रत्येकासाठी वहीत एक पान ठेवा. त्यावर साल, टांकसाळीची खूण, वजन, घनता, दोन्ही बाजूंची प्रत आणि नाणे कोठून मिळाले हे लिहा. खुणा शोधण्यात मौज असते. १९४२ ते १९४४ या युद्धकाळात ऑस्ट्रेलियाची काही चांदीची नाणी अमेरिकेत पाडली गेली. त्यांवर सॅन फ्रान्सिस्कोसाठी 'एस' किंवा डेन्व्हरसाठी 'डी' हे इंग्रजी अक्षर आहे. त्याच काळात, १९४२ व १९४३ साली, आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही ऑस्ट्रेलियासाठी पेनी पाडल्या. त्या चांदीच्या नसून ब्राँझच्या होत्या. त्यांवर राजाच्या चित्राखाली 'आय' हे अक्षर दिसते.

१९६६ साली ऑस्ट्रेलियाने ८० टक्के चांदीचे पन्नास सेंटचे गोल नाणे काढले. लवकरच त्यातल्या चांदीची किंमत पन्नास सेंटच्या वर गेली आणि ते मागे पडले. १९६९ पासून त्या जागी तांबे-निकेलचे बाराकोनी नाणे आले. चांदी महागली की अशी नाणी मुशीत जातात. १९३४-३५ च्या मेलबर्न शताब्दी फ्लोरिनचेही असेच झाले. पाडलेल्या ७५,००० पैकी २१,००० नाणी न खपल्याने वितळवली गेली. म्हणून घरातला जुना रुपया मोडायला निघाला, तर आधी त्याचे साल, वजन, घनता आणि प्रत लिहून घ्या, आणि मगच मोडायचा की ठेवायचा हे मोठ्यांना ठरवू द्या.

स्वतः सोडवा

१. एक शिलिंग हवेत ५.६० ग्रॅम भरते आणि पाण्यात बुडवल्यावर वाचन ०.५९ येते. ते १९४६ च्या आधीचे की नंतरचे?
२. १९६६ चे पन्नास सेंटचे नाणे १३.२८ ग्रॅमचे आहे. त्यात चांदी किती? उरलेले २० टक्के तांबे धरून ते किती पाणी सारील?
३. शिशाची घनता ११.३४ व कथलाची ७.२९ आहे. आकारमानाने तीन भाग शिसे व एक भाग कथील मिसळले तर घनता किती येईल? हे नकली नाणे ओळखायला आणखी कोणती परीक्षा घ्याल?

उत्तरे : १. घनता ९.४९, म्हणून नंतरचे. २. सुमारे १०.६२ ग्रॅम चांदी, सुमारे १.३१ ग्रॅम पाणी. ३. सुमारे १०.३३. पुढच्या परीक्षेचा विचार तुम्ही करा आणि वर्गात मांडा.